अवघड कामाची खोली

सिंदी रेल्वे या गावात महादेवरावांच्या भूपेंद्रला ओळखत नाही असं कुणी नसेल, पण तो करतो काय, हे सांगू शकेल असंही कुणी नव्हतं. स्टेशनाकडून कापसाच्या बाजाराकडे जाताना डाव्या हाताला महादेवरावांचं दुकान लागतं. बारदाना, सुतळी, ताडपत्री, दोर आणि पोळा जवळ आला की बैलांचा सगळा साज. मागे राहतं घर, आणि घर व दुकान यांच्या मधोमध एक खोली. पूर्वी त्या खोलीत बारदान्याचे गठ्ठे रचत. आता तिथे भूपेंद्र बसे. जागा दोघांनी सारखीच अडवली, पण गठ्ठे निदान विकले तरी जात.

भूपेंद्र इंजिनिअर व्हायला नागपूरला गेला होता आणि न होताच परत आला. तिथलं पाणी मानवलं नाही, असं घरच्यांनी सांगितलं. येताना तो एक मोठा कंप्युटर घेऊन आला, आणि त्या कंप्युटरात एक खेळ. अंतराळयानाचा. आपणच इंधनाची टाकी जोडायची, आपणच इंजिन लावायचं, वजनाचा आणि वेगाचा हिशेब आपणच करायचा, मग ते यान उडवायचं, पृथ्वीसारख्या एका गोळ्याभोवती फिरवायचं आणि पुढे त्याच्या चंद्रावर उतरवायचं. खऱ्या यानाला जे नियम लागतात तेच याला. परदेशातली मोठमोठी माणसं हा खेळतात, असं भूपेंद्र सांगे.

पहिल्याच महिन्यात महादेवरावांनी विचारलं होतं, की दिवसभर खेळून राह्यला तर गादीवर कोण बसेल. तेव्हा भूपेंद्रने खुर्ची वळवली होती आणि शांतपणे म्हटलं होतं, "बाबा, याले खेळ म्हनतात, पन हा खेळ नाई. हे शास्त्र हाय. हजारातून एकाले जमते. लय अवघड हाय."

महादेवरावांनी जन्मभर हातावर दोर मोजला होता. शास्त्र म्हटलं की ते दबत. त्या दिवसापासून बाजारात कुणी विचारलं की ते स्वतःच सांगू लागले, की आमच्या पोराचं काम अवघड आहे, तुम्हा-आम्हाला समजायचं नाही. बाजारातल्या माणसांना समजत नव्हतंच, म्हणून त्यांनीही मान डोलावली. अशी भूपेंद्रची कीर्ती झाली. न समजणाऱ्या बापाने न समजणाऱ्या गावाला सांगितलेली कीर्ती, आणि तिच्यावर माणूस आरामात वर्षानुवर्षं काढतो.

आंजी मोठी या गावची रक्षा या घरात सून म्हणून आली ती ही कीर्ती ऐकूनच. तिचे वडील मधुकरराव भाजीवाले. वांगी, पालक, सांबार. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लहानपणी आठवडी बाजारात वडिलांच्या शेजारी पोत्यावर बसून रक्षाने सांबाराच्या जुड्या विकल्या होत्या, पुढे वर्ध्याला जाऊन ती बी.कॉम. झाली. मुलगी पाहायला आले तेव्हा सांगितलं गेलं, की मुलगा कंप्युटरवर अवघड काम करतो. मधुकररावांनी हात जोडले. रक्षाने पदर सावरला. अवघड काम करणाऱ्याला चहा गरम लागतो, हे तिला लग्नानंतर समजलं.

आणखीही बऱ्याच गोष्टी समजल्या. यान उडायच्या वेळी घरात आवाज चालत नाही. सासूबाई सुलोचनाबाई रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावत, हरिपाठ म्हणत. पण त्या वेळी खोलीतून "चूप" असा आवाज आला की त्या ओठांतल्या ओठांत म्हणत. पांडुरंगाला ओठांतलंही ऐकू येतं, ही त्याची कृपा. कुकरची शिटी मात्र मुळीच चालायची नाही. शिटी झाली की भूपेंद्रचा हात हालतो आणि यान पडतं, असं ठरलेलं होतं. म्हणून रक्षा या घरात आल्यापासून डाळ उघड्या पातेल्यात शिजवत आली. माहेराहून आणलेला कुकर माळ्यावर, आणि ती चुलीशी तासभर पळी घेऊन उभी. यान तरीही पडायचंच. मग भूपेंद्र बाहेर येऊन म्हणे, आज बाहेर ट्रॅक्टर लय वाजून राह्यले.

दसऱ्याला घरात तराजू, कात्री आणि मोजायचा गज यांच्यासोबत कंप्युटरचीही पूजा होई. झेंडूची माळ, आपट्याचं पान, हळदकुंकू. हळदीचं एक बोट अजून पडद्याच्या कोपऱ्यात होतं. सुलोचनाबाई ते पुसू देत नव्हत्या.

रक्षाने एकदा, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी, सासऱ्यांना म्हटलं होतं की मामाजी, दुपारी तुम्ही जेवायला येता तेव्हा मी गादीवर बसत जाऊ का. महादेवराव हसले नाहीत की रागावले नाहीत. कौतुकानेच बोलले.

"गादी अवघड राह्यते, बाई. सुतळी हातानं पारखा लागते, मानूस तोंडावरून पारखा लागते. मले चाळीस वर्षं लागले. तुले नाई जमायचं."

म्हणजे त्या घरात दोन कामं अवघड होती, एक गादीवरचं आणि एक खोलीतलं, आणि दोन्ही रक्षाला जमण्यासारखी नव्हती. बाकीचं जे उरलं, पहाटेच्या सड्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत, ते तिने करायचं. त्याला कुणी अवघड म्हणत नसे, म्हणून ते तिला जमत असावं.

आता मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. महादेवरावांचे गुडघे गेले होते. गादीवर बसलं की उठवायला हमाल कवडू लागे. समोरच्या ताराचंदने दुकान भाड्याने मागितलं होतं, आणि महादेवरावांनी मनात ठरवलं होतं, की हा पोळा झाला की देऊन टाकायचं. भूपेंद्रला विचारलं, तर तो वर्षानुवर्षं देत आला तेच उत्तर त्याने दिलं, की एकदा यान गोळ्याभोवती फिरतं झालं की मी गादीवर बसलोच समजा.

रक्षा हे ओसरीत धान्य निवडताना ऐकत होती. दुकान गेलं की तिची उरलीसुरली आशाही जाणार होती. मग जन्मभर पातेल्यातली डाळ आणि खोलीतला चहा. तिने तुळशीला पाणी घातलं, तेव्हा काही मागितलं नाही. देवाला काय मागावं तेच तिला सुचेना. मला गादी दे म्हणावं, तर गादी अवघड.

या घराण्याच्या गादीचा एक नियम होता, तो इथे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गिऱ्हाईकापुढे "नाई" हा शब्द काढायचा नाही. माल संपला असला तरी संपला म्हणायचं नाही. त्याने लक्ष्मी जाते. दुकान बंद करतानासुद्धा वाढवलं म्हणायचं. मग मागितलेली वस्तू नसेल तर काय म्हणायचं? म्हणायचं, "येऊन राह्यलं." महादेवरावांच्या वडिलांपासून हेच. माल वर्ध्याहून निघालेला असो की मुळात सांगितलेलाच नसो, तो नेहमी वाटेवर असायचा. भूपेंद्र गादीवर बसला नाही, पण हे एवढं मात्र त्याने बापाकडून पुरेपूर उचललं होतं. यान कुठवर आलं विचारा, येऊन राह्यलं.

राखीला भूपेंद्रची बहीण सपना तळेगावहून, श्यामजी पंतांच्या तळेगावहून, माहेरी आली, ती पोळ्यापर्यंत राहायच्या बेतानेच. सपनाची जीभ धारेची. भावाला राखी बांधून तिने ओवाळलं आणि ताटात पडलेली ओवाळणी पाहून म्हणाली, की चंद्रावरून आणखी काही येऊन राह्यलं का.

राखी झाली की पोळ्याची घाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदीचा तान्हा पोळा म्हणजे साऱ्या मुलखात गाजलेला. पोरंपोरी लाकडी नंदी सजवून ओढत आणतात, आसपासच्या गावांचे लोक पाहायला येतात. महादेवरावांच्या दुकानात दरवर्षी नागपूरहून नंदी यायचे. यंदा गुडघ्यांमुळे त्यांना जाता येईना. त्यांनी भूपेंद्रला पाठवलं. दोन-तीन दिवस मित्राकडे राहा, कारागिराकडून नंदी पसंत कर, टेम्पोत भरून आण. जाताना भूपेंद्रने खोलीच्या दारात उभं राहून रक्षाला बजावलं, की कंप्युटर चालू आहे, नेटवरून काहीतरी उतरवून घेणं चाललंय, बंद करायचा नाही, हात लावायचा नाही, यातलं एक बटन चुकलं तर सगळं जाते.

दुपारी सुलोचनाबाई मारुतीच्या देवळात भजनाला गेल्या. महादेवराव दुकानात. सपनाने खोलीचं दार लोटलं आणि थेट भावाच्या खुर्चीत जाऊन बसली.

रक्षा दारातच थांबली. "सपनाताई, नोका. अवघड असते ते."

"तुम्ही हात लावून पाह्यला काय कधी?"

रक्षाने पाहिला नव्हता. हात लावायला तिचा हात रिकामा कधी होता.

सपनाने पडदा जागा केला. समोर भूपेंद्रच्या यानांची यादी उघडी होती. पराक्रम, पराक्रम दोन, पराक्रम तीन, खाली खाली जावं तसे पराक्रमच पराक्रम, आणि प्रत्येकापुढे लाल फुली. एकही फिरलं नव्हतं. एकही. दोघी बराच वेळ ती यादी वाचत राहिल्या, एखाद्या आजाऱ्याचे कागद वाचावेत तशा.

मग रक्षाला कोपऱ्यात एक बटन दिसलं. इंग्रजीत होतं, पण बी.कॉम.ला तेवढं इंग्रजी येतं. शिकवणी, असं लिहिलं होतं. तिने त्यावर बाण नेला. आत पंधरावीस धडे होते, पहिला धडा, दुसरा धडा, असे ओळीने. एकाही धड्यापुढे झाल्याची खूण नव्हती. खाली बारीक अक्षरांत विचारलं होतं, की शिकवणी लपवली आहे, पुन्हा दाखवू का. म्हणजे खेळ सुरू केला त्या पहिल्या दिवशीच भूपेंद्रने ती बंद करून टाकली होती.

सपनाने कपाळाला हात लावला. "दादानं पहिला धडाच नाई उघडला, वहिनी. शिकवणीले बसला तर मले येत नाई असं होते ना."

त्या दुपारी दोघी पहिल्या धड्याला बसल्या. धड्यात एक चित्रातला ठेंगू माणूस हसत हसत सांगत होता, हे इंजिन, ही टाकी, हे बटन. लहान पोराला अ-आ-ई शिकवावं तसं. यान उडालं आणि पडलं. दुसरं उडालं आणि पडलं. सपनाला हसू आवरेना. तिसरं बरंच वर गेलं आणि मग तसंच सरळ खाली आलं. पोळ्या लाटताना पहिल्या दोन-चार फाटतात, कुणाच्याही फाटतात. त्यावरून कुणी स्वयंपाक हे शास्त्र आहे म्हणून खोली अडवून बसत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या धड्यात गोम समजली. भूपेंद्रची सगळी यानं सरळ वर जायची. अंतराळ वर आहे, म्हणून वर. जितकं जास्त इंधन तितकं जास्त वर, आणि वर गेलेलं ते सगळं खाली. ठेंगू माणूस मात्र सांगत होता, थोडं वर गेलं की यान हळूहळू आडवं कर. खरा वेग आडवा लागतो. माथ्यावर पोचलं की पुन्हा आडवं ढकल. मग ते पडतच राहतं, पण गोळा खालून वळत जातो, म्हणून ते जमिनीला कधी लागत नाही. फिरत राहतं.

रक्षाने हे दोनदा वाचलं आणि म्हणाली, "ही तर परदक्षणा झाली."

दर शनिवारी ती सासूबाईंसोबत मारुतीला प्रदक्षिणा घालत होती. मारुतीकडे तोंड करून सरळ चालत गेलं तर प्रदक्षिणा होत नाही, गाभाऱ्यावर डोकं आपटतं. एवढी साधी गोष्ट. ठेंग्याने ती पहिल्या पाच धड्यांत सांगून ठेवली होती, फुकट, हसत हसत. नियम खरे होते, हिशेबही खरा होता, पण तो समजावून सांगायला गुरू पडद्याच्या कोपऱ्यात रोज उभा होता. अवघड एवढंच होतं की त्याच्यासमोर खाली बसावं लागत होतं.

नव्या यानाला नाव द्यायची जागा आली तेव्हा सपना म्हणाली, पराक्रम पुरे झाले, आणि वहिनीच्या माहेरची आठवण म्हणून तिने नाव टाकलं, सांबार.

सांबार त्या दिवशी दोनदा पडलं. भूपेंद्र यायचा होता त्या दुपारी ते उडालं, वाकलं, आडवं झालं, माथ्यावर थांबल्यासारखं झालं, रक्षाने बटन दाबून धरलं, आणि पडद्यावरची वाकडी रेघ गोळ्याला वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळाली. सपनाने टाळी वाजवली. रक्षाने बटन सोडलं. तिला वाटलं होतं, आनंद होईल. पण तिच्या डोळ्यांपुढे माळ्यावरचा कुकर आला. इतकी वर्षं पातेल्यात शिजवलेली डाळ आली. ओठांतल्या ओठांत म्हटलेला हरिपाठ आला. आणि हे एवढंसं होतं. याच्यासाठी पांडुरंगालासुद्धा चूप बसवलं होतं.

संध्याकाळी भूपेंद्र नागपूरहून आला. हातात एक लांबट खोकं, खेळाला लावायची काठी त्यात, जॉयस्टिक म्हणतात ती. नंदी कुठे, असं महादेवरावांनी विचारलं. तो म्हणाला, सांगून आलो, येऊन राह्यले. आणि खोलीत गेला.

त्याने पडदा जागा केला. मग त्याने आईला हाक मारली, बापाला हाक मारली. सगळे जमले. पडद्यावर सांबार गोळ्याभोवती शांतपणे फिरत होतं.

भूपेंद्रने एकदा रक्षाकडे पाहिलं. फक्त एकदाच. हे कुणी केलं, असं तो विचारू शकला असता. पण विचारणं म्हणजे मला माहीत नाही म्हणणं, आणि या घराण्यात तो शब्द कुणी काढत नाही. तो बापाकडे वळला आणि म्हणाला, "फिरलं, बाबा. मी जायच्या आधी लावून गेलतो. मंग ते आपलं आपन मार्ग धरते."

महादेवरावांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, की हे सांबार काय लिहिलं आहे.

"ते सांकेतिक नाव राह्यते," भूपेंद्र म्हणाला.

सपनाचं तोंड उघडलं. रक्षाने तिच्या पायावर पाय दाबला. सुलोचनाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि कवडूला पेढे आणायला पिटाळलं. महादेवराव गुडघे धरत समोर ताराचंदला सांगायला गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाहून रक्षाला पहिल्यांदाच नवऱ्याची नुसती कीव नाही, किळस आली. पोराने बापाला बनवावं, तेही असल्या गोष्टीसाठी, आणि बापाने पेढे वाटावेत.

मागच्या अंगणात सपना तणतणत होती, की आत्ताच्या आत्ता सांगते सगळ्यांना. रक्षा तुळशीपाशी दिवा लावत होती. ती म्हणाली, "राहू द्या, ताई. त्यायनं फिरलं म्हनलं ना. मंग आता त्यायले बसा लागते."

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले होते. रक्षाने सासऱ्यांच्या पानात भाकर वाढली आणि सहज बोलावं तसं म्हणाली, की मामाजी, आता दुकान द्यायचं काही कारण नाही राहिलं, यान फिरलं की गादीवर बसतो असं यांनीच म्हटलेलं आहे. महादेवरावांचा घास हातातच राहिला. हे त्यांना सुचलंच नव्हतं. ते एवढे हरखले की भूपेंद्रला बोलायची सोयच राहिली नाही. उतरवणं बाकी आहे, असं काहीतरी तो पुटपुटला. त्यावर सुलोचनाबाईच म्हणाल्या, की फिरू दे बाप्पा ते सध्या, पोळा तर होऊ दे.

तर असा भूपेंद्र गादीवर बसला, तो थेट खांदशेकणीच्या सकाळी. दुसऱ्या दिवशी पोळा. आज बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकायचे, म्हणून आसपासच्या साऱ्या गावांतली माणसं साज घ्यायला बाजारात. कासरे, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा. आणि पोरांसाठी नंदी.

महादेवराव आतल्या बाजेवर पाय लांब करून बसले होते. तिथून दुकान दिसत होतं. रक्षा मधल्या दारात गोंड्यांची गाठोडी सोडून देत होती.

पहिल्या माणसाने नंदी मागितले. भूपेंद्र म्हणाला, येऊन राह्यले, दुपारी येजो. दुसऱ्यालाही तेच. पांढऱ्या घुंगरमाळा? येऊन राह्यल्या. जाड कासरा? तो मागे ढिगात होता, कवडूला माहीत होतं, पण कवडूला विचारणं भूपेंद्रच्या जिवावर आलं, म्हणून तोही येऊन राह्यला. दुपारपर्यंत अर्ध्या बाजाराला त्याने दुपारी बोलावून ठेवलं, आणि दुपारी तो अर्धा बाजार खरंच आला. सेलूकडचा किसनराव नावाचा एक म्हातारा नातवाला घेऊन दुसऱ्यांदा आला होता. पोरगं रडत होतं. म्हाताऱ्याने विचारलं, की टेम्पो कुठवर आला ते तरी सांग. भूपेंद्र म्हणाला, बुटीबोरी सोडली त्यानं. टेम्पो कुठेच नव्हता. नागपुरात कारागिराचं दुकान त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं. तो सगळा वेळ काठी पसंत करत होता.

गर्दी वाढली तसे आवाज वाढले. कुणीतरी म्हणालं, की याचे नंदी चंद्राहून येऊन राह्यले काय. लोक हसले. भूपेंद्रने पोटाला हात लावला, दुखून राह्यलं म्हणाला आणि मधल्या दारातून रक्षाच्या अंगावरून खोलीत गेला. दाराची कडी लागली.

गादी रिकामी झाली. महादेवराव बाजेवरून उठायची धडपड करू लागले, गुडघा वळेना. रक्षाने हातातलं गाठोडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि ती गादीवर जाऊन बसली. बसताना तिने गल्ल्यावरच्या गणपतीला हात लावून कपाळाला लावला. एवढंच.

"नंदी नाई आले," ती मोठ्याने म्हणाली. "येनारही नाई. बाबाजी, तुमी समोर ताराचंदजीकडे जा. त्यायच्याकडे हायेत. लवकर जा, नाई तं तेथचेही संपतील."

त्या गादीवरून "नाई" हा शब्द कुणी पहिल्यांदाच ऐकत होतं, आणि वर तिने गिऱ्हाईक समोरच्याकडे पाठवलं होतं. आतून महादेवरावांचा कण्हल्यासारखा आवाज आला. पण लक्ष्मी काही उठून गेली नाही. लक्ष्मी इतकी तुसडी असती तर भाजीबाजारात पोत्यावर बसणाऱ्यांच्या घरी ती कधीच गेली नसती.

रक्षाने कवडूला विचारलं, जाडे कासरे कुठे. तो म्हणाला, मागे. आण. घुंगरमाळा? त्या माळ्यावर. आण. सुतळीची पारख तिला नव्हती, म्हणून तिने कवडूलाच विचारलं की यातली मजबूत कोणती, आणि गिऱ्हाईकासमोर विचारलं. गिऱ्हाईकाने उलट स्वतःच ओढून पाहून सांगितलं. चाळीस वर्षांचं शास्त्र असं तासाभरात हातात यायला लागलं. सगळं आलं नाही. काही भाव चुकले, एकाला गोंडे जास्त गेले. तेही तिने कवडूला विचारून पाटीवर खडूने लिहून घेतलं, उद्या चुकू नये म्हणून.

दिवेलागणीच्या आधी किसनराव परत आला. नातवाच्या काखेत ताराचंदकडचा नंदी होता. आता त्यांना त्याच्यासाठी दोरी, गोंडा आणि घंटी पाहिजे होती. "ताराचंद म्हने, साज तिकडून घ्या, त्या बाईकडून," असं म्हातारा म्हणाला. त्याच्यामागे आणखी तीन-चार माणसं होती.

दुकान वाढवायची वेळ झाली. कवडूने महादेवरावांना धरून गादीपाशी आणलं. त्यांनी पाटी पाहिली, रिकाम्या खुंट्या पाहिल्या. सुनेकडे पाहिलं नाही. जन्मभर जे बोलले नाहीत ते आता एकाएकी बोलणं त्यांना जमणार नव्हतं.

"ताराचंदच्या भाड्याचं मी पाहून घेतो," ते म्हणाले. "उद्या कुलूप तूच काढजो. अवघड जाईल मातर."

"नाई, मामाजी," रक्षा म्हणाली.

त्याला पोळे दोन झाले. रक्षा रोज सकाळी देवपूजा आटोपून गादीवर बसते. सपना माहेरी आली की समोर स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या नकला करते. सुलोचनाबाई हरिपाठ पूर्ण गळ्याने म्हणतात, आणि माळ्यावरचा कुकर खाली आला आहे. चार वाजता तीन शिट्ट्या होतात, दुकानापर्यंत ऐकू येतात.

भूपेंद्र खोलीतच आहे. नागपूरची काठी लावली आहे. सांबार अजून फिरतंय. ते खाली कसं आणायचं, ते सातव्या धड्यात आहे, पण तो समजायचा तर आधीचे सहा शिकावे लागतात. मध्यंतरी एकदा त्याने दुकानात येऊन, खुंटीवरचा दोर उगाच चाचपत, रक्षाला विचारलं होतं, की तिला त्या शिकवणीचं काही माहीत आहे का, कुणीतरी म्हणत होतं. रक्षा एका शेतकऱ्याला ताडपत्री मोजून देत होती. ती मोजता मोजता म्हणाली, "पैल्या धड्यापासून बसा लागते." तो दोर सोडून परत आत गेला.

पाहुणे आले की महादेवराव अजूनही त्यांना खोलीत नेतात आणि पडद्यावरची ती रेघ दाखवतात. पाहुणे हात मागे बांधून पाहतात. परवा तळेगावहून आलेल्या व्याह्यांनी विचारलं, की हे खाली कधी उतरणार.

भूपेंद्रने खुर्ची वळवली नाही.

"येऊन राह्यलं," तो म्हणाला.